टर्बो इंजिनाचा पंचनामा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पश्चिम उपनगरांतील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पाणी ओसरताच किल्ली फिरवून पाहण्याचा मोह घातक ठरतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर वर येणारा पिस्टन मध्येच अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेरून इंजिन धडधाकट दिसते. आतली इजा ते खोलल्याखेरीज कळत नाही.

जुहूसारख्या सखल, समुद्राला लागून असलेल्या वस्तीत इंजिन खोलण्याचे हे एक कारण झाले. दुसरे कारण वयाचे. फियाटचे १,२४८ सीसी क्षमतेचे टर्बो डिझेल इंजिन २००७ पासून मारुती स्विफ्टमध्ये आले. पुढे डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा अनेक गाड्यांत ते बसले. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. नवी गाडी घेणे किंवा जुने इंजिन पुन्हा बांधणे, हेच पर्याय आता अशा गाड्यांच्या मालकांपुढे उरतात. त्यांतील काही हौशी मंडळी हे काम सोसायटीच्या आवारात स्वतःच करू पाहतात. ते अशक्य नाही. मात्र खोलणे म्हणजे केवळ नटबोल्ट काढणे नव्हे. तो बिघाडाचा पंचनामा असतो. तो नीट झाला नाही, तर नवे भाग घालूनही जुना बिघाड परत येतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण टर्बोचार्जर हेच आहे. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र इंजिनात जास्त हवा कोंबते. लहान मोटारीत हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो. त्याला आधार असतो तो केवळ तेलाच्या पातळ थराचा. तेल जुने झाले, कमी पडले किंवा घाट चढून येताच तापलेले इंजिन लगेच बंद केले, की नळीत तेल जळून काजळी धरते आणि बेअरिंग उपाशी राहते. म्हणूनच तेलाची नळी न बदलता नवा टर्बो बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात पाना हाती घेण्यापूर्वी होते. प्रत्येक नळी आणि वायरीच्या जोडाचे छायाचित्र घ्यावे, चिठ्ठ्या लावाव्यात. जवळच जुहू विमानतळ आहे. विमानाच्या इंजिनाचा सुटा केलेला भाग चिठ्ठी आणि नोंदीशिवाय ठेवला जात नाही. घरच्या कामातही तीच शिस्त हवी. प्रथम बॅटरी सोडवावी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तेल व कूलंट काढावे. एसीचा कॉम्प्रेसर नळ्यांसकट बाजूला बांधून ठेवावा. त्यातील गॅस मोकळा सोडू नये. डिझेलच्या नळ्यांत एक हजार बारपेक्षा अधिक दाब असतो, त्यामुळे इंजिन बंद करताच त्यांना हात लावू नये. इंजेक्टर कोणत्या सिलिंडरचा हे लिहून ठेवावे, कारण अनेक गाड्यांत त्याचा सांकेतिक क्रमांक संगणकात नोंदलेला असतो.

टर्बो उतरवताना खाऱ्या हवेने गंजलेले स्टड तुटतात. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल घालून ठेवणे शहाणपणाचे. टर्बो हाती आल्यावर दांडा बोटांनी हलवून पाहावा. आडवी किंचित हालचाल स्वाभाविक असते, कारण ती जागा तेलाने भरायची असते. मागे-पुढे जाणवणारी हालचाल किंवा घरट्याला घासलेली पाती मात्र निकामी टर्बोची खूण होय. इंटरकूलरमध्ये साचलेले तेल आणि पात्यांचे तुकडे काढलेच पाहिजेत. ते तेल इंजिनात ओढले गेले, तर डिझेल इंजिन त्याच तेलावर बेलगाम धावू लागते आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही.

हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सैल करावेत. एका बाजूने सोडल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकते. जुने गॅस्केट लगेच फेकू नये. डिझेल इंजिनात त्यावरील खुणांवरून त्याची जाडी कळते आणि नवे त्यानुसारच निवडावे लागते. पिस्टन सर्वांत वर असताना त्यांची उंची तपासावी. एखादा इतरांपेक्षा खाली राहिला, तर त्याचा रॉड वाकल्याचा संशय घ्यावा. रॉडच्या टोप्यांची अदलाबदल करू नये. बेअरिंगचे अर्धगोल काढलेल्या क्रमानेच कागदावर मांडावेत. सर्वांवर तांबूस थर उघडा पडला असेल, तर तेलाचा पंप आणि जाळी तपासावी. एकावरच असेल, तर दोष त्या सिलिंडरपाशी शोधावा.

जुहूत एक काळजी अधिक. उघड्या बोअरला खाऱ्या, दमट हवेत पाहता पाहता गंज चढतो. त्यामुळे पावसाळा टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हे काम काढावे आणि प्रत्येक भागाला तेल लावून तो पिशवीत बांधावा. काढलेले तेल गटारात ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते. शंभर किलोहून जड इंजिन उचलताना भक्कम घोडी व साखळी हवी. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

बोअर करणे, क्रँक घासणे, हेड सपाट करणे, टर्बोचा तोल साधणे ही कामे घरी होत नाहीत, ती यंत्रशाळेचीच. ब्लॉक बदलावा लागला, तर इंजिन क्रमांक बदलतो आणि परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. मात्र यंत्रशाळेत जाताना मालकाच्या हाती क्रमाने मांडलेले भाग आणि लिहिलेली टिपणे असतील, तर काय घासायचे आणि काय बदलायचे हे अंदाजाने ठरत नाही. इंजिन बंद का पडले, याचे उत्तर त्या टिपणांत मिळाले, तरच ते पुन्हा बांधण्याला अर्थ उरतो.