लेकीचा वाटा : खान्देशातील हिंदू वारसा कायदा आणि न्यायालये

जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हा जामनेरच्या दिवाणी न्यायालयात येणाऱ्या वाटणीच्या दाव्यातला कळीचा प्रश्न. तिथला निकाल जळगावच्या जिल्हा न्यायालयात आणि पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जातो. या प्रश्नाच्या उत्तरावर लेकीचा वाटा ठरतो, आणि हे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आहे.

वारशाच्या बाबतीत विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ टीका महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली. नीलकंठ भट्टाचा सतराव्या शतकातला ‘व्यवहारमयूख’ गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात तिच्याही वर होता. पुणे, अहमदनगर आणि खान्देशात मात्र ब्रिटिशकालीन न्यायालयांनी मयूखाला जवळजवळ मिताक्षरेच्या बरोबरीचा मान दिला. मुंबई इलाख्यात मुलीला वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत पूर्ण मालकीची होई; बंगाल-मद्रासकडे ती हयातीपुरती असे. पण मुलगा, नातू किंवा विधवा मागे असेल तर मुलीची पाळीच येत नसे, आणि एकत्र कुटुंबातली जमीन तर हयात पुरुषांकडेच राही.

17 जून 1956 रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला आणि मुलगी मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस ठरली. हे समान वाटप मात्र फक्त वडिलांच्या हिश्श्यात होते. त्याचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली गुरुपद मगदूम विरुद्ध हिराबाई या खटल्यात मांडला. वडील, आई आणि दोन मुलगे यांच्यात वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे कल्पून प्रत्येकाला चौथा हिस्सा धरला. मग वडिलांचा चौथा हिस्सा सहा वारसांत वाटला. आईला आणि प्रत्येक मुलाला 7/24, तर तिघी मुलींना प्रत्येकी 1/24 मिळाले. आईच्या बाबतीत हा निकाल उदार होता. मुलीचा वाटा मुलाच्या वाट्याच्या सातव्या भागाएवढाच राहण्याचा दोष कायद्यातच होता.

महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. एकाच घरातली धाकटी बहीण हिस्सेदार आणि थोरली बाहेर, ही विसंगती अन्यायाची होती. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती काढली. तरी त्या दिवशी वडील हयात असायला हवेत, असे 2015 साली प्रकाश विरुद्ध फुलवती निकालात म्हटले गेले. अखेर 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हक्क जन्माने येतो, वडिलांच्या हयातीची अट नाही, असा निर्वाळा दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वीची नोंदणीकृत किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली वाटणी तेवढी अबाधित राहिली. तोंडी वाटणी सहसा ग्राह्य नाही. ती अपवादात्मक परिस्थितीत, सरकारी कागदांनी सिद्ध झाली तरच मान्य होते.

हा मुद्दा खान्देशात जिव्हाळ्याचा आहे. इथे बांध घालून घेतलेल्या वाटण्या खूप, नोंदणीकृत वाटणीपत्रे कमी. सातबाऱ्यावरचा फेरफार महसुलासाठी असतो, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. आजोबांची म्हणून लोक जिला वडिलोपार्जित म्हणतात, ती जमीन 1956 नंतर वडिलांना कायद्याच्या कलम 8 ने मिळालेली असेल तर त्यांची स्वतंत्र मिळकत ठरते, असे 1986 च्या चंदर सेन निकालाने सांगितले. अशा जमिनीत वडील हयात असताना मुलीला हक्क नसतो, आणि तो सोडून देण्याचा कागदही व्यर्थ असतो. सोडण्यासारखे काही हाती आलेलेच नसते. वडिलांच्या मागे मात्र तिचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीकडून सही घेण्यापूर्वी तिला हा फरक कोणी समजावून सांगत नाही, ही खरी खंत आहे.

चोपडा, यावल, रावेर, शिरपूरकडच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांना मात्र हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही. कलम 2(2) प्रमाणे केंद्र सरकारच्या अधिसूचनेशिवाय अनुसूचित जमाती त्याच्या बाहेर आहेत. त्यांच्यात रूढी चालते, आणि ती पुराव्यानेच सिद्ध करावी लागते. जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीला वगळणारी रूढी सिद्ध न झाल्याने तिच्या वारसांना समान वाटा दिला.