खारपाणपट्ट्यातील घोळ आणि चिवळ

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावांत विहिरीचे पाणी खारे लागते. ते काळ्या जमिनीला सतत दिल्यास जमीन चोपण होते आणि उन्हाळ्यात पालेभाजीचा वाफा जगविणे अवघड होऊन बसते. क्षारांना बऱ्याच अंशी दाद न देणारी एक पालेभाजी मात्र बांधावर आपोआप उगवते आणि निंदणात उपटून फेकली जाते. ती म्हणजे घोळ.

चिवळ ही घोळीचीच धाकटी बहीण. घोळीची पाने जाड व लांबट, खोड तांबूस आणि फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे असते. चिवळीची पाने बारीक व समोरासमोर, सांध्यांवर पांढरी लव आणि फूल चार पाकळ्यांचे. हरभऱ्याच्या डाळीत शिजविलेली चिवळ विदर्भातील उन्हाळ्याच्या जेवणात मानाने वाढली जाते. तिला तण म्हणणे जिवावर येते.

पाण्याची ओढ बसली की घोळ दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते व रात्री कर्बवायू शोषून आम्लाच्या रूपाने साठविते. म्हणूनच पहाटे खुडलेली भाजी अधिक आंबट लागते, सायंकाळची सौम्य.

लागवडीस विशेष खर्च येत नाही. बी अतिशय बारीक असल्याने ते वाळूत मिसळून ओल्या वाफ्यावर फेकावे. त्यावर माती लोटू नये. उगवण्यास उजेड व उष्णता लागते. बी नसल्यास खोडाचे तुकडे लावले तरी सांध्यांतून मुळे फुटतात. काळ्या जमिनीत पाणी तुंबल्यास खोड कुजते, यास्तव वाफा उंच ठेवून निचऱ्यासाठी चर काढावा. साधारण महिनाभरात शेंडे खुडता येतात. जमिनीपासून चार बोटे खोड राखल्यास पुन्हा फुटवे येतात.

खुडताना दुधीकडे लक्ष ठेवावे. तीही अशीच पसरते. पण तिचे खोड मोडताच पांढरा चीक येतो. चीक आलेली काडी भाजीत जाता कामा नये. तणनाशक फवारलेल्या कपाशीतील घोळही वर्ज्य समजावी.

घोळीत ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वारंवार पुढे आलेल्या आहेत. तेव्हा असा विकार किंवा मुतखडा असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ही भाजी खाऊ नये. इतरांनीही ती उकळून पाणी टाकून द्यावे व ताकात शिजवावी. खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या पानांत क्षार उतरतात, म्हणून मीठ चव पाहूनच घालावे.

बियांसाठी चार-सहा झाडे न खुडता ठेवावीत. बोंडाचे टोपण सुटून बी सांडण्यापूर्वीच ती कापून कापडावर वाळवावीत. उपटलेले झाडही पडल्यापडल्या बी पिकविते. कापडाबाहेर सांडलेले बी पुढे कित्येक वर्षे उगवत राहते.