हायड्रेंजियाची लागवड व छाटणी

कात्री चुकीच्या वेळीं चालवावी आणि दोष झाडास द्यावा, असें आमच्या हातून तीन वर्षें घडलें. तसें वाचकांच्या हातून घडूं नये, म्हणून हा लेख.

कचेरींतून निवृत्त होऊन आम्ही महाबळेश्वराच्या बाजूस घाटमाथ्यावर राहावयास आलों, तेव्हां घराच्या पूर्वेस हायड्रेंजियाचें एक झुडूप लाविलें. पहिलीं दोन वर्षें फुलांचे निळे गेंद भरपूर आले. पुढें, गुलाबाप्रमाणें यासही छाटावें, या समजुतीनें आम्ही दर माघांत सर्व फांद्या वीतभर ठेवून कापूं लागलों. पाला भरघोस फुटे, पण फूल एकही येईना. अखेर झाड वांझ ठरवून कुदळ आणविली. "एक वर्ष त्याला हात लावूं नका," असें घरांतून सांगणें झालें, म्हणून तें वांचलें. पुढील उन्हाळ्यांत तेंच झाड फुलांनीं वांकलें.

कारण साधें आहे. या जातीचे कळे आदल्या हंगामांत वाढलेल्या फांद्यांच्या शेंड्यांत पावसाळ्यानंतरच धरतात व थंडीभर तेथें निजून राहतात. माघांत शेंडा कापला कीं, येणारा बहरच कापला जातो.

म्हणून छाटणी बहर ओसरतांच करावी. सुकलेला गेंद त्याखालील जाड डोळ्यांच्या जोडीच्या किंचित् वर कापावा. झुडूप चार-पांच वर्षांचें झाल्यावर दरसाल सर्वांत जुन्या फांद्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा बुंध्याशीं काढावा, म्हणजे नवे कोंब येतात. वाळकी काडी केव्हांही काढावी. जेथें हिंव पडतें, तेथें सुकले गेंद थंडी सरेपर्यंत ठेवावे. खालच्या डोळ्यांस त्यांचा आडोसा होतो. पॅनिक्युलाटा नांवाची तुऱ्याची जात मात्र नव्या फुटीवर फुलते. ती थंडीच्या अखेरीस छाटली तरी चालते.

हें झाड मूळचें जपानांतील. त्यास सकाळचें ऊन व दुपारची सावली मानवते. पाणी पुष्कळ लागतें, पण मुळाशीं सांचलेलें खपत नाहीं. कुजलेल्या पाल्याचें खत घालून वर पाचोळ्याचें आच्छादन करावें. देशावरील चुनखडीच्या जमिनींत व कडक उन्हांत तें रमत नाहीं. तेथें हौस असल्यास कुंडींत, सावलींत लावावें. न फुललेल्या फांदीचें पांच-सहा बोटें लांबीचें छाट ओलसर वाळूंत सावलीस लावल्यास मुळें फुटतात.

रंगाची गंमत जमिनींत आहे. आम्ल जमिनींत, म्हणजे सामू ५.५ किंवा कमी असतां, ॲल्युमिनियम मुळांस मिळून फूल निळें होतें, सामू ६.५ च्या वर गेल्यास गुलाबी. तांबड्या जांभ्याच्या मातींत निळें फूल सहज येतें, तें यामुळेंच. पांढऱ्या जातीचा रंग मात्र असा पालटत नाहीं.

एक इशारा शेतकऱ्यांस अवश्य दिला पाहिजे. याच्या पानांत व कळ्यांत विषारी द्रव्य असतें. छाटलेला पाला गुरांपुढें अगर शेळ्यांपुढें मुळींच टाकूं नये. तो खड्ड्यांत पुरावा.

आम्ही आतां प्रत्येक छाटणीची तारीख वहींत टिपून ठेवतों. दप्तराची जुनी संवय येथें उपयोगीं पडली. झाड फुलत नाहीं म्हणून कुदळ उचलण्यापूर्वीं वाचकांनींही आपण कात्री केव्हां चालविली, तें एकदां पाहावें.