साडेसहाशे फॅरडचा कपॅसिटर

सकाळी सात. पाटोद्याहून बीडची एसटी. आषाढाचा वारा बालाघाटाच्या माथ्यावर भरभरून आहे आणि खिडकीतून पवनचक्क्या फिरताना दिसतात. मांजरसुंब्याच्या पुढे घाट उतरला की त्या मागे पडतात. पुढचा दिवसभर मी त्यांनाच संगणकात फिरवतो.

साडेनऊ. कॉलेजची लॅब. आम्ही ई-सिम हे सर्किटचं सॉफ्टवेअर वापरतो, आयआयटी मुंबईच्या चमूने घडवलेलं, सगळ्यांना मोफत. पहिलं काम हवेची घनता दुरुस्त करण्याचं. पुस्तकातला 1.225 हा आकडा समुद्रसपाटीचा. आमच्या पठाराची उंची सातशे मीटर आणि तापमान तीस अंश धरलं, तर तो 1.07 च्या आसपास येतो. म्हणजे त्याच वाऱ्यातून शक्ती सुमारे तेरा टक्के कमी. हे पोरांनी स्वतः काढावं, असा माझा आग्रह असतो.

अकरा. हा तास मला सर्वांत प्रिय. सर्किटच्या सॉफ्टवेअरला फिरणारं पातं कळत नाही. त्याला कळतो करंट आणि व्होल्टेज. मग टॉर्कला करंट मानायचं, वेगाला व्होल्टेज, घर्षणाला रेझिस्टर आणि जडत्वाला कपॅसिटर. समीकरणं तंतोतंत तीच. दोन मेगावॉटच्या यंत्राचं जडत्व जनरेटरच्या शाफ्टशी मोजलं तर साधारण 650 येतं.

“सर, साडेसहाशे फॅरड? चुकलं असेल.”

“नाही गं, चुकलं नाही. ते पात्यांचं जडत्व आहे.”

शाफ्टचे मिनिटाला 1500 फेरे म्हणजे सेकंदाला 157 रेडियन, म्हणून आमच्या सर्किटात 157 व्होल्ट. कपॅसिटर शून्यापासून भरू दिला तर पूर्ण टॉर्क असूनही आठ सेकंद लागतात. पन्नास मायक्रोसेकंदांच्या पावलांनी त्याचे एक लाख साठ हजार टप्पे होतात. त्यामुळे सुरुवातच 157 व्होल्टवर करायची.

दीडला वीज गेली. चालू रन वाया.

चार. खरी परीक्षा. 66 केव्ही किंवा त्याहून वरच्या लाइनला जोडलेल्या पवनचक्कीने व्होल्टेज पंधरा टक्क्यांवर कोसळलं तरी 300 मिलिसेकंद तग धरायचा, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. व्होल्टेज पाडलं. वीज बाहेर जाईना, वारा मात्र ढकलतच होता. ती उरलेली ऊर्जा कपॅसिटरने पोटात घेतली.

पाच वाजून दहा मिनिटं. आलेख 157 वरून 162 वर चढला आणि व्होल्टेज परतल्यावर हळूहळू उतरला. मशीन जोडलेलंच राहिलं.