झोपाळू प्रोसेसर आणि २० वर्षं जुना जुगाड: लिनक्समधल्या एका ओळीने नव्या मशीन्स कशा रखडवल्या?

मंडळी, टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवण्याचा उद्योग घरोघरी होतो. पुढे टेबल बदलतं, पुठ्ठा मात्र तिथेच राहतो. मग नवंकोरं टेबल का डुगडुगतंय म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात!

लिनक्सच्या बाबतीत नेमकं हेच झालं. २००२ च्या सुमाराच्या कॉम्प्युटर्ससाठी घातलेला एक 'पुठ्ठा' २०२२ मध्ये एएमडीच्या आधुनिक सर्व्हरला छळताना पकडला गेला. तो नेमका काय होता आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसा आला नाही, हे आज समजून घेऊया.

प्रोसेसर झोपतो म्हणजे काय?

तुम्ही हा लेख वाचताय तेवढ्या वेळात तुमच्या फोनचा किंवा लॅपटॉपचा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. पण नुसतं जागं राहायलाही वीज लागते, गरमी होते, बॅटरी उतरते. म्हणून काम नसलं की प्रोसेसर झोप काढतो. कॉम्प्युटरमध्ये या झोपेच्या पायऱ्यांना 'सी-स्टेट' म्हणतात.

सोसायटीचा वॉचमन डोळ्यासमोर आणा. तो जागा असेल तर ती सी-० स्थिती. खुर्चीतच डुलकी लागली तर सी-१, म्हणजे हॉर्न वाजला की ताडकन उठणार. खाटेवर आडवा झाला तर आणखी पुढची पायरी. आणि दिवे बंद करून, पांघरूण ओढून झोपला तर सी-६ सारखी गाढ झोप.

झोप जितकी गाढ, तितकी वीज कमी. पण जागं व्हायला वेळही तितकाच जास्त. डुलकीतून उठायला साधारण एखादा मायक्रोसेकंद पुरतो. गाढ झोपेतून उठायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आता कुठल्या वेळी किती गाढ झोपायचं, हे ठरवतो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. आधीच्या वेळी प्रोसेसर किती वेळ झोपला होता, यावरून तो पुढचा अंदाज बांधतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गडबड इथेच झाली.

मग पुठ्ठा कुठून आला?

जुन्या पद्धतीत प्रोसेसरला झोपवण्याचं काम मदरबोर्डवरचा चिपसेट करायचा. कर्नल एका ठरावीक पोर्टवरून माहिती वाचायचा. चिपसेटसाठी हा इशारा असे: 'आता प्रोसेसरचं घड्याळ थांबव.'

पण २००२ च्या सुमाराचे काही चिपसेट आळशी निघाले. त्यांचा थांबण्याचा सिग्नल वेळेत पोहोचेलच याची खात्री नव्हती. तोवर प्रोसेसर झोपण्याऐवजी पुढच्या कामाला लागायचा. हार्डवेअर घरोघरी पोहोचलेलं, ते परत कसं घेणार?

म्हणून कर्नलमध्ये एक साधा जुगाड केला गेला. झोपेचा इशारा दिल्यावर लगेच मदरबोर्डवरच्या टायमरची वेळ वाचायची. त्या आकड्याचा उपयोग काहीच नाही. फक्त चिपसेटला सिग्नल द्यायला थोडी उसंत मिळावी, एवढाच हेतू. यालाच नाव पडलं 'डमी वेट', म्हणजे वेळ काढण्यासाठी केलेलं खोटं काम.

नव्या मशीन्सचं काय बिघडलं?

नवे प्रोसेसर इशारा मिळताच शहाण्यासारखे झोपतात. त्यामुळे ते खोटं काम आता झोपायच्या वेळी नाही, तर जाग आल्यावर व्हायला लागलं! शिवाय प्रोसेसरचा वेग प्रचंड वाढला, पण बाहेरच्या टायमरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ तसा घटला नाही. एवढ्या एका वाचनात प्रोसेसरची हजारो आवर्तनं वाया जाऊ लागली.

खरी मेख पुढे आहे. हा वाया गेलेला वेळ कर्नल झोपेच्या खात्यात लिहीत होता. हिशेब बघून त्याला वाटायचं, 'अरे, हा तर बराच वेळ झोपला होता. पुढच्या वेळी आणखी गाढ झोपवूया.' म्हणजे प्रोसेसर उठला उशिरा, आणि शिक्षा म्हणून पुढच्या वेळी त्याला उठायला आणखी उशीर!

सतत कामात असलेल्या मशीनला याचा त्रास नव्हता, कारण ती झोपतच नाही. फटका बसायचा तो क्षणात काम, क्षणात विश्रांती अशा कामांना. नेटवर्कवरून येणाऱ्या छोट्या छोट्या मागण्या हाताळणारे सर्व्हर नेमके असेच असतात.

चोर सापडला कसा?

एएमडीचे इंजिनिअर के. प्रतीक नायक यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ही गोष्ट लिनक्सच्या डेव्हलपर्ससमोर मांडली. प्रोसेसरचा वेळ नेमक्या कुठल्या सूचनेवर जातो हे मोजताना त्यांना ती निरुपयोगी ओळ दिसली. त्यांनी सुचवलं, की एएमडीच्या झेन प्रोसेसरसाठी ही ओळ वगळावी.

इंटेलच्या डेव्ह हॅन्सन यांनी गोष्ट उलटी फिरवली. नव्यांना एकेक करून सूट देत बसण्यापेक्षा तो जुगाड फक्त इंटेलच्या सिस्टिमपुरताच ठेवावा! इंटेलच्या आधुनिक मशीन्स दहा वर्षांहून अधिक काळ झोपेसाठी वेगळीच पद्धत वापरतात, त्यामुळे त्यांच्या वाटेला ही ओळ जवळपास येतच नाही. म्हणजे स्पर्धक कंपनीच्या माणसाने एएमडीचा अडथळा दूर केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.० मध्ये हा बदल सामील झाला.

इतकी वर्षं कुणी काढलं का नाही?

कारण भीती! जगात कुठेतरी तो आळशी चिपसेट अजून चालू असेल आणि ओळ काढल्यावर ती मशीन बंद पडली तर? तपासायला तसा कॉम्प्युटर तरी कुणाकडे असतो? आणि ही भीती खोटीही नाही. इंटेलच्या बे ट्रेल मालिकेचे प्रोसेसर असलेले अनेक कॉम्प्युटर लिनक्सवर अचानक गोठायचे. तेव्हा लोकांनी गाढ झोपेवरच बंदी घालून काम चालवलं. मशीन गोठणं थांबलं, पण विजेची बचत गेली.

या प्रकरणात एक गोष्ट मात्र कामी आली. ओळ लिहिणाऱ्याने शेजारीच ती का घातली याचं कारण लिहून ठेवलं होतं. म्हणूनच २० वर्षांनी आलेल्या माणसाला ती हलवण्याचं धाडस झालं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी टेबलाखाली पुठ्ठा सरकवाल, तेव्हा त्यावर कारण आणि तारीख लिहायला विसरू नका!