प्रकल्प संपला की पुढे काय?

रिश्त्याची बोलणी निघाली की पुण्यातल्या आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, मुलगा परमनंट आहे का? मुलगा हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर असेल किंवा एखाद्या बांधकाम कंपनीच्या साइटवर असेल, तर याचे सरळ उत्तर देता येत नाही. तो परमनंट असतो, त्याच्या हातातले काम मात्र परमनंट नसते. वडीलधाऱ्यांना हे पटकन उमगत नाही आणि मुलांना ते नीट सांगता येत नाही, असे आम्ही अनेक घरांत पाहतो.

बँकेतले काम कधी संपत नाही. तिथे क्लार्कचा ऑफिसर होतो, ऑफिसरचा मॅनेजर होतो, आणि प्रत्येक पायरी घरातल्या सर्वांना दिसते. प्रकल्पावर चालणाऱ्या कंपनीत कामाला सुरुवात असते तसा शेवटही असतो. माणसे गोळा होतात, काम उरकते, माणसे पांगतात.

पुणेकरांनी हे मेट्रोच्या निमित्ताने रस्त्यावर उभे राहून पाहिले आहे. २४ डिसेंबर २०१६ रोजी भूमिपूजन झाले, ६ मार्च २०२२ रोजी पहिले टप्पे सुरू झाले आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत पोहोचला. या काळात आधी माती तपासणारे आले, मग खांब उभे करणारे, बोगदा खोदणारे, रूळ आणि सिग्नल बसवणारे. ज्याने खांबांचे काम सांभाळले त्याचे तिथले काम खांबांबरोबर संपले. त्याला पुढची जागा हिंजवडी–शिवाजीनगर मार्गावर मिळू शकते, पण ते काम पीएमआरडीएच्या अखत्यारीतले, म्हणजे मालक वेगळा. नाहीतर दुसरे शहर. महामेट्रो तरी कुठे मूळची पुण्याची? नागपूर मेट्रोसाठी काढलेल्या कंपनीचीच २०१७ मध्ये महामेट्रो झाली आणि पुण्याचे काम तिच्याकडे आले.

रॉडनी टर्नर आणि ॲन कीगन या अभ्यासकांनी अशा नोकरीला गोल जिन्याची उपमा दिली आहे. माणूस वर चढतो, पण चढताना दिशा बदलत राहते. आज साइट, उद्या नियोजन, परवा कंत्राटांचे काम, मग पुन्हा साइट, पण आधीपेक्षा मोठी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, दहा वर्षे झाली तरी हा अजून मॅनेजरच! पदाचे नाव विचारून इथे काही कळत नाही. मागचे काम किती मोठे होते, हाताखाली किती माणसे होती, सुरुवातीपासून होता की मध्ये आला, आणि काम पूर्ण होईपर्यंत टिकला का, हे विचारावे. ई. श्रीधरन १९९० मध्ये रेल्वेतून निवृत्त झाले. कोकण रेल्वे त्यांनी त्यानंतर उभी केली आणि दिल्ली मेट्रो त्याच्याही नंतर. एक काम तडीस नेलेल्या माणसाकडे दुसरे चालून आले. खेड-चिपळूणकडच्या आमच्या वाचकांना त्यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको.

सगळ्यांत नाजूक काळ दोन प्रकल्पांच्या मधला. आयटीत त्याला बेंच म्हणतात. पगार चालू असतो, पण मनात धाकधूक असते. घरच्यांनी ही बेकारी समजू नये आणि सुट्टीही समजू नये. पुढच्या कामाची चौकशी प्रकल्प संपायच्या दोन-तीन महिने आधी सुरू व्हायला हवी.

गॅरेजात काय किंवा जरीच्या कारखान्यात काय, शिकणाऱ्याला एक उस्ताद असतो आणि तो वर्षानुवर्षे त्याच्यावर नजर ठेवतो. इथे प्रकल्पाबरोबर साहेबही बदलतो. मागच्या साहेबाने पाहिलेली मेहनत नव्याला ठाऊक नसते. म्हणून उस्ताद आपणच शोधावा लागतो, शक्यतो आपल्या प्रकल्पाबाहेरचा. आणि एक वही ठेवावी. प्रत्येक कामाच्या तारखा, खर्चाचा आकडा, माणसे, काय अडले, ते कसे सोडवले, हे सारे त्यात यावे. कंपनीची गुपिते मात्र नकोत.

ही वही पीएमपी या प्रमाणपत्राच्या अर्जालाही उपयोगी पडते. चार वर्षांची पदवी असलेल्याला प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते. नवख्यांसाठी सीएपीएम आहे, त्याला अनुभवाची अट नाही, २३ तासांचे प्रशिक्षण पुरते. बांधकाम क्षेत्रातल्यांसाठी बालेवाडीची निकमार १९८३ पासूनची संस्था आहे. अनुभवाशिवाय नुसत्या प्रमाणपत्राने मॅनेजर होता येत नाही, क्लासवाले काहीही सांगोत. त्यासाठी कर्ज काढू नये. कंपनी फी परत देते का, हे आधी विचारावे.

मुलींच्या बाबतीत गोल जिना फार लवकर थांबतो. बाहेरगावचे काम आले की घरातून नकार येतो, आणि मग ती वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या प्रकल्पांचे तक्ते भरत बसते. सहा महिन्यांचे काम आणि तीन वर्षांचे काम यांत फरक आहे. नकार देण्याआधी निदान मुदत तरी विचारावी. खराडी, मगरपट्ट्यातही मोठी कामे आहेत, पण परदेशी ग्राहकाचा फोन रात्री आठला येतो. त्या वेळी रोटी कोण करणार, हे सून फोनवर असताना नव्हे, आधी बसून ठरवावे.

घराचा हप्ता ठरवताना प्रकल्पाची शेवटची तारीख समोर ठेवा आणि चार महिन्यांचा खर्च बाजूला काढा. नवी नोकरी धरताना पगाराबरोबर आणखी दोन गोष्टी लेखी विचारा: हे काम संपल्यावर पुढचे काम कोण देणार, आणि बेंचवर किती महिने ठेवणार?