शेवटची प्रत कोणाकडे?

संशोधन ग्रंथालयात फळ्यांमागून फळ्या अडवून बसतात ते जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड. वर्षाला एक-दोन अशा गतीने ते वाढतात आणि इमारत मात्र आहे तेवढीच राहते. अमेरिकेत १९९५ साली जेस्टोर हा नियतकालिकांचा डिजिटल संग्रह सुरू झाला त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. मेलन प्रतिष्ठानचे अध्यक्ष विल्यम बोवेन डेनिसन विद्यापीठाचे विश्वस्त होते. तिथल्या ग्रंथालयाला वाढीव जागा हवी होती, आणि ज्यासाठी हवी होती ते खंड सगळीकडे तेच होते. ते एकदा स्कॅन करून सर्वांना पुरवावेत, असा विचार पुढे आला.

पुढे स्कॅन झाले, पण खंड फळीवरच राहिले. आता यातले काढायचे कोणते?

पहिले उत्तर सुचते ते वापराचे: ज्याला कोणी हात लावत नाही ते काढा. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ सालच्या गाजलेल्या अभ्यासात दिसले, की १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. आकडा मोठा आहे, पण संशोधनाच्या ग्रंथालयात त्यावरून निकाल देणे मला चुकीचे वाटते. फळीपाशी उभ्याने चाळून परत ठेवलेल्या खंडाची नोंद देवघेवीच्या खात्यात होत नाही. आणि तीस वर्षांतून एकदा लागणारा खंड हाताशी असावा, यासाठीच तर असे ग्रंथालय असते.

ब्रिटनने वेगळा प्रश्न विचारला: हीच प्रत आणखी कोणाकडे आहे? ब्रिटिश लायब्ररी आणि इम्पीरियल कॉलेज लंडन यांच्या पुढाकाराने २००७ साली यूके रिसर्च रिझर्व्ह हा ग्रंथालयांचा सामाईक उपक्रम सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यात इंग्लंडच्या उच्च शिक्षण निधी परिषदेने पैसा दिला आणि १०० किलोमीटर लांबीच्या फळ्या मोकळ्या करण्याचे उद्दिष्ट ठरले. कामाची रीत मात्र सावध होती. सभासद ग्रंथालयाने कमी वापराच्या नियतकालिकांची यादी पाठवायची, कोणत्या वर्षाचे कोणते खंड आपल्याकडे आहेत त्यासह. मग दुर्मिळतेची तपासणी. एक प्रत ब्रिटिश लायब्ररीकडे हवी, वाचकांना पुरवण्यासाठी. आणखी दोन सभासद ग्रंथालयांत हव्यात, राखीव म्हणून. ब्रिटिश लायब्ररीच्या संचात एखादा खंड नसेल, तर तो यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पा इथल्या तिच्या साठ्याकडे रवाना व्हायचा. राखीव प्रती दोनापेक्षा कमी भरल्या, तर यादी पाठवणाऱ्यालाच सांगितले जाई, की तुमची प्रत काढू नका, सांभाळा. जागा मोकळी करायला आलेले ग्रंथालय अशा वेळी राखणदार होऊन परत जाई. या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. एकाने निर्धास्तपणे काढायचे, तर दुसऱ्याने ठेवण्याचे लेखी बंधन घेतले पाहिजे.

पण तीनच प्रती का? दोन का नाहीत, दहा का नाहीत? बर्कलेच्या कॅन्डेस यानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न गणिताने सोडवायला घेतला. प्रत दरवर्षी किती प्रमाणात हरवते वा खराब होते हे धरून, ठराविक वर्षांनी निदान एक तरी शाबूत राहण्याची खात्री हवी असेल तर सुरुवात किती प्रतींनी करावी, असे ते गणित. त्याच्या आधारे इथाका एस अँड आर या संस्थेने २००९ साली अहवाल काढला: मजकूर नीट स्कॅन झालेला असेल, तर पानन् पान तपासलेल्या दोन प्रती बंदिस्त साठ्यात असल्या तरी निदान वीस वर्षांचा भरवसा धरता येतो. इथे सगळा भार ‘तपासलेल्या’ या अटीवर आहे. मधले पान फाटलेले, नकाशा कोणी कापून नेलेला, जाहिराती बांधणीच्या वेळी काढून टाकलेल्या, असे खंड यादीत पूर्ण म्हणूनच नोंदलेले असतात. तपासणीला माणूस लागतो, वेळ लागतो, आणि खर्चाला कात्री लागते ती नेमकी तिथेच.

त्याच अहवालाने चित्रांचा अपवाद मानला. रंगीत पाने, छायाचित्रे, बारीक रेषांचे नकाशे जिथे महत्त्वाचे, तिथे स्कॅनच्या भरवशावर कागद सोडू नये. वर्तमानपत्रांच्या बाबतीत हे शहाणपण उशिरा आले. मायक्रोफिल्म झाली म्हणून अनेक ग्रंथालयांनी मूळ अंकांचे गठ्ठे विकले. १९९९ साली ब्रिटिश लायब्ररीने अमेरिकन वृत्तपत्रांचे संच विक्रीला काढले, तेव्हा कादंबरीकार निकल्सन बेकर यांनी स्वतःचे पैसे घालून त्यातले पुष्कळसे वाचवले. त्यांतल्या पुलित्झरच्या ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ची रंगीत पाने फिल्मवर काळी-पांढरी होऊन बसली होती. बेकर यांनी वाचवलेला संग्रह २००४ साली ड्यूक विद्यापीठात गेला.

मराठी ग्रंथांना आणि नियतकालिकांना ही तीन प्रतींची चाळणी लावायची, तर आधी याद्या जुळवाव्या लागतील. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची करून ठेवली आहे. कोणता ग्रंथ छापला गेला, हे अशा सूचीवरून कळते. आज तो कोणाच्या कपाटात, किती पानांनिशी आहे, हे मात्र प्रत्येक ग्रंथालयाने आपली दाखल-नोंदवही उघडून, खंड हातात घेऊनच सांगायचे आहे. निर्लेखनाचा, म्हणजे ग्रंथ संग्रहातून काढण्याचा, ठराव करणाऱ्या समितीने निदान दोन जुन्या ग्रंथालयांना पत्र टाकून विचारावे, एवढे तर आजही शक्य आहे. आणि तिसरे पत्र लंडनला जावे. १८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्यानुसार निघणाऱ्या त्रैमासिक याद्यांतून इंडिया ऑफिसचे ग्रंथालय भारतीय भाषांतली प्रकाशने निवडून मागवत असे, आणि १९८२ पासून तो साठा ब्रिटिश लायब्ररीकडे आहे.